दाढेभोवतीची सावली

“आधी चांगली बाजू बघायची, मग दुखरी. आणि दोन्ही बघून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.”

आजोबांचं हे सांगणं ऋजुताच्या कानात इतकं बसलं होतं, की आरशासमोर वेण्या घालतानाही ती दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ताडून बघायची. तिचे आजोबा, डॉ. श्रीधर टोळे, हे कुरुंदवाडचे दातांचे डॉक्टर. बाकी सगळे डॉक्टर एक्स-रे थेट पडद्यावर बघू लागले, तरी हे मात्र फिल्मा धुऊन दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचे. छोटी ऋजुता त्यांच्या मांडीवर बसून ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरायची. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण दवाखान्यातलं जुनं कपाट उघडलं की फिल्म धुण्याच्या औषधाचा तो आंबूस वास अजून यायचा, आणि ऋजुता दार लवकर लावायचीच नाही.

आई-बाबा पुण्याला असल्यामुळे ऋजुता शाळेसाठी मृणालमावशीकडे राहायची. मावशी म्हणजे आजोबांची थोरली मुलगी. ती दर चातुर्मासात एक नेम धरायची. एका वर्षी पायात चप्पल घातली नाही, एका वर्षी पानावरच जेवली. नेम सांगायचा नसतो आणि दुसऱ्यानं विचारायचाही नसतो, तो उद्यापनालाच कळतो, अशी त्यांच्याकडची रीत. यंदा मावशी नुसता मऊ भात आणि ताक घेत होती. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, मृणालचे नेम दरवर्षी कडक होत चाललेत.

याशिवाय तिचा एक रोजचा नेम होता. पहाटे पोथीचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा. आजी गेली त्या दिवसापासून, बारा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

भाद्रपदातल्या एका पहाटे मावशी वाचत होती आणि ऋजुता समोर बसून डोळे चोळत होती. समईचा उजेड मावशीच्या चेहऱ्यावर पडला होता. ऋजुतानं सवयीनं आधी डावा गाल पाहिला, मग उजवा. उजवा जबडा कानाच्या खाली जरा भरलेला वाटत होता. अध्याय संपेपर्यंत ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मावशी, मऊ भात हा नेम नाहीये ना?”

“नेमाबद्दल विचारू नये.”

“नेमाबद्दल नाही विचारत. जबड्याबद्दल विचारतेय.”

मावशीनं पोथीत मोरपीस ठेवलं. मग हळूच कबूल केलं. चार महिने झाले होते. दुखत नव्हतं, पण कडक काही चावलं की तिथे जड वाटायचं. लोक आपणहूनच नेम समजले, तेव्हा तिनंही समजू दिलं.

“डॉक्टर म्हणतील तोंड उघडू नका,” ती म्हणाली. “मग माझं वाचन मोडेल गं.”

त्या दिवशी ऋजुता शाळेत गेलीच नाही. ती मावशीला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

दवाखाना आता टिपण सांभाळायचा. टिपण म्हणजे आजोबांनी सात वर्षं हाताखाली ठेवून शिकवलेला यंत्रमानव. मंगळवारी मिरजेहून मुजावरमॅडम शस्त्रक्रियेची कामं बघायला यायच्या, एरवी तपासणी टिपणच करायचा. त्याला कुणालाही अरेतुरे करता येत नसे. ऋजुता रांगत होती तेव्हाही तो तिला अहो ऋजुताताईच म्हणायचा.

त्यानं मावशीच्या चेहऱ्याभोवती एक कडं फिरवलं आणि दोन मिनिटांत खोलीच्या मध्यावर उजेडाचा जबडा उभा केला, दारापासून खिडकीपर्यंत लांब. ऋजुता त्याच्या डाव्या बाजूनं आत शिरली. दातांची मुळं खांबांसारखी ओळीनं उभी होती, सगळं पांढरं, नीट. मग ती उजवीकडे आली. शेवटची अक्कलदाढ वर आलेलीच नव्हती. ती हाडातच आडवी निजली होती, आणि तिच्याभोवती एक काळी पोकळी होती. खऱ्या जबड्यात ती सुपारीएवढी असेल, असं टिपण म्हणाला.

“काळं म्हणजे कॅन्सर?” ऋजुताच्या तोंडून निघून गेलं. खुर्चीत मावशीचा हात पदराशी गेला.

“डॉक्टरसाहेब असते तर त्यांनी तुम्हाला परत पहिल्यापासून बघायला लावलं असतं,” टिपण म्हणाला. ऋजुता खाली बघू लागली. मग त्यानं तिलाच विचारलं, की हाड पांढरं का दिसतं. ते तिला ठाऊक होतं. हाड क्ष-किरणांना अडवतं, म्हणून तिथे पांढरं उमटतं. हाड नसेल तिथून किरण आरपार जातात आणि काळं उमटतं.

“मग काळ्या रंगावरून काय कळलं?”

ऋजुतानं विचार केला. “तिथे हाड नाही, एवढंच. हाडाच्या जागी काय आहे, ते नाही कळलं.”

“बरोबर,” टिपण म्हणाला. मग त्यानं दोन शक्यता समजावून सांगितल्या. पहिली, पुटी (आत पाणी भरलेली, पातळ अस्तराची पिशवी). दाढ हाडात अडकली की तिच्याभोवतीच्या वेष्टनात कधीकधी पाणी साचत जातं, आणि फुगा हळूहळू फुगावा तशी ती हाडाला बाजूला सारते. दुसरी, अर्बुद (शरीराच्याच पेशींची नको तिथे होत राहणारी वाढ). घाटाच्या भिंतीत पिंपळ रुजला की त्याची मुळं फटीफटीतून पसरतात, तसं ते हाडात शिरतं. पण जबड्यातली बरीचशी अर्बुदंही कॅन्सर नसतात. काहींच्या पोटात पाणीही असतं, त्यामुळे ती हुबेहूब पुटीसारखी दिसतात.

“म्हणजे दिसण्यावरून फसू शकतो,” ऋजुता म्हणाली.

“म्हणूनच घाई करायची नाही. मृणालताई, ओठ बधिर होतो का? नाही? म्हणजे जबड्यातली नस दबलेली नाही, चांगलं आहे. पूर्वीची एखादी फिल्म मिळाली तर फार बरं होईल.”

ऋजुता तोवर कपाटापाशी पोचलीसुद्धा होती. तोच आंबूस वास आला. नावांच्या पाकिटांमधून तिनं एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. वर आजोबांचं तिरपं अक्षर होतं: ‘चि. मृणाल. उजवी अक्कलदाढ आडवी. दुखत नाही. दरवर्षी बघणे.’

मावशीनं ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. “एकोणीस वर्षं झाली,” ती म्हणाली. “दरवर्षी म्हणायचे, ये गं, बघू दे. मी म्हणायची, दुखत नाही ना, मग कशाला.”

ऋजुतानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, अगदी पूर्वीसारखी. तीच आडवी दाढ, पण तिच्याभोवती दोऱ्याएवढीच काळी रेघ. तेवढी असतेच, टिपण म्हणाला. एकोणीस वर्षांत त्या रेघेची सुपारी झाली होती. कडेला हाडाची पांढरी किनार शाबूत होती, म्हणजे जे काही होतं ते सावकाश वाढलं होतं. पुटीकडे कल होता. पण कल म्हणजे निदान नव्हे. खरं उत्तर बायॉप्सीत होतं (तिथला छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे).

मंगळवारी मुजावरमॅडमनी जागा बधिर करून सुईनं थोडं पिवळसर पाणी ओढलं आणि अस्तराचा तांदळाएवढा तुकडा घेतला. पाचव्या दिवशी टिपणनं तो तुकडा पडद्यावर लावला, आणि शेजारी एका अर्बुदाचं चित्र. अर्बुदात कडेच्या पेशी उंच, कुंपणासारख्या खेटून उभ्या होत्या. मावशीच्या तुकड्यात दोन-तीन थरांच्या चपट्या पेशींची पातळ, शांत ओळ होती. ऋजुतानं दोन्हीकडे दोन-दोनदा पाहिलं आणि मगच तोंड उघडलं.

“पुटी.”

“पुटी,” टिपण म्हणाला. आता दाढेसकट पिशवी काढून टाकायची, मग रिकाम्या जागी वर्षभरात नवं हाड आपोआप भरत येतं.

मावशीनं हात जोडले. पण लगेच तिचा चेहरा उतरला. दाढ काढल्यावर आठ दिवस बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

“तेवढे दिवस मी वाचीन,” ऋजुता म्हणाली. “तू ऐक. वचन.”

“तू ओवीत अडखळतेस.”

“अडखळलेलं देवाला कळत नाही का?”



सोमवारी पहाटे मावशीनं स्वतःचा अध्याय वाचला, मग त्या दोघी शस्त्रक्रियेसाठी मिरजेला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. दवाखान्यात टिपणनं जुन्या पाकिटावर आजोबांच्या अक्षराखाली नव्या शाईनं लिहिलं: ‘दरवर्षी बघणे.’ नव्या हाडाची पहिली फिल्म ऋजुतानंच काढायची, असंही त्यानं ठरवून टाकलं.

मंगळवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत ऋजुता कुणी न उठवता उठली. गार पाण्यानं अंघोळ केली आणि समईत तेल घातलं. मावशी सुजलेल्या गालाला रुमाल लावून भिंतीला टेकून बसली होती. ऋजुतानं तिचा आधी डावा गाल पाहिला, मग उजवा. मग पाट ओढला, पोथीतलं मोरपीस बाजूला ठेवलं आणि पहिल्या ओवीवर बोट टेकवलं.