दुसरा सिग्नल

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. माझा नवरा मिलिंद या विषयावर बोलत नाही, म्हणून मीच लिहितेय.

फेब्रुवारी २००८. स्कॉटलंडमधले केर्नगॉर्म्सचे डोंगर.

आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये, मेडनहेडला राहायचो. या ट्रिपला सोबत मिलिंदच्या ऑफिसातला परीक्षित होता. तिथल्याच शेजारच्या स्लाऊमध्ये जन्मलेला, पण दर हिवाळा या डोंगरांत काढणारा.

त्याने तिघांच्याही छातीवर ट्रान्सीव्हर बांधले. ही छोटी डबी सतत सिग्नल सोडते. कोणी बर्फात गाडलं गेलं, तर बाकीचे आपली डबी सर्चवर टाकून त्याला शोधतात.

दुपारी ढग खाली उतरले. वाऱ्याने पुढच्या उतारावर ताजा बर्फ आणून रचला होता. वरून कडक, आतून भुसभुशीत.

परीक्षित थांबला. "इथून नको जायला. खाली पोकळ आवाज येतो. स्लोप लोडेड आहे, कधीही कोसळेल."

"मग मागे फिरू," मी म्हणाले.

मिलिंद मात्र उताराकडेच बघत होता.

"तिथे कोणीतरी आहे."

आम्हाला काहीच दिसत नव्हतं...

"हात करतोय तो. अडकलाय बहुतेक."

मी त्याची बाही धरायला गेले, तोवर तो पुढे सरकला होता.

धप्प...

जमिनीखाली कुठेतरी मोठं दार लागावं, तसा आवाज. उतारावर एक भेग सरसरत गेली, आणि मिलिंद दिसेनासा झाला.

मग काहीच नाही. वारासुद्धा पडला.

आम्ही डब्या सर्चवर टाकल्या, म्हणजे आमचे सिग्नल बंद. आता एकच सिग्नल यायला हवा होता. मिलिंदचा.

दोन आले.

दोघांच्याही स्क्रीनवर... अगदी शेजारी शेजारी.

परीक्षितने फावडं काढलं. आम्ही वेड्यासारखे खणत सुटलो. शेवटी जॅकेट दिसलं, मग चेहरा. निळा पडलेला, पण श्वास चालू होता.

डोळे उघडताच मिलिंदने विचारलं, "त्याला काढलंत?"

"कोणाला?"

"माझ्या शेजारी होता ना. मी घाबरून भराभर श्वास घेत होतो. तो कानाशी म्हणाला, हवा पुरवून वापर... मीही तेच करतोय."

परीक्षितने पुन्हा डबी पाहिली.

आता एकच सिग्नल होता.

तरी आम्ही शेजारी खणलं. नंतर रेस्क्यू टीम कुत्रा घेऊन आली. त्या भागात कोणी हरवल्याची खबर नव्हती. पण कुत्रा एकाच जागी घुटमळत होता...

तिथे खोल खणलं. कोसळलेल्या बर्फाच्याही खाली, जुन्या थरात, एक पोकळी निघाली. माणूस आडवा मावेल एवढी.

रिकामी.

आतला बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

"श्वासाच्या उबेने असं होतं," टीममधला म्हातारा हळूच म्हणाला. "पण त्याला वेळ लागतो."

"किती?"

तो पोकळीच्या काठावरून मागे सरकला.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर मी रेस्क्यू टीमला फोन केला. काहीही सापडलं नव्हतं. मिलिंद शेजारी उभा राहून ऐकत होता.

मी फोन ठेवला.

"म्हणजे तो बाहेर आलाय," एवढंच म्हणाला, आणि दाराची कडी लावायला गेला.