‘खमंग’चा वाक्यात उपयोग

आषाढ अर्धा सरला होता. दुपारभर नुसती रिपरिप चालली होती, आणि मग एकदम जोराची सर आली… तेव्हा तो पळत येऊन आमच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिला.

मी कढईत लसूण परतत होते. मान वर केली तर एक उंच मुलगा, इस्त्रीचा शर्ट खांद्यावर भिजलेला, आमची पाटी वाचत होता. एकेक अक्षर जोडून, पहिलीतलं पोर वाचतं तसं.

“ख… मं… ग… भडंग.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “खमंग म्हंजी काय वं?”

मला हसूच फुटलं. कपडे साहेबाचे आणि बोली थेट आटपाडीच्या बाजारातल्या आजीची!

ती आजीचीच होती, हे मग कळलं. ऋषिराज त्याचं नाव. घराणं विट्याकडचं, पण वडील सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी तमिळनाडूत सेलमला गेले, आणि हा तिकडंच जन्मला, तिकडंच शिकला. मराठी शिकला ती घरात आजीच्या, बनाबाईंच्या, मांडीवर. आता सांगलीत बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर इंजिनिअर म्हणून आला होता, आणि आजीही विट्याच्या जुन्या घरी परतली होती.

“आमची आज्जी चांगल्या समद्याला ‘झ्याक’च म्हनती,” तो म्हणाला. “ह्यो शबूद न्हाई आयकला.”

“मग वास घ्या,” मी कढई हलवली. “हा आहे ना, तो खमंग. फोडणी खमंग, थालीपीठ खमंग… आणि बातमीसुद्धा खमंग असते.”

“बातमीला बी फोडनी देत्यात?”

“चार जणी बसल्या की देतातच!”

“आन मानूस? मानूस असतो का खमंग?”

“माणसाला नाही म्हणत.”

“एकाद्याला म्हनावं वाटलं तर?”

मी पुडी बांधायला घेतली. दोरा दोनदा निसटला. “नाही म्हणत म्हणजे नाही म्हणत,” मी म्हटलं. सर केव्हाच थांबली होती. तो मात्र पुडी हातात घेऊन अजून पत्र्याखालीच उभा होता…

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा आला. गृहपाठ दाखवायला यावं तसा.

“आयका. आज हापिसात लय खमंग बातमी हाय. सायबानं मिशी काडली.”

“बरोबर आहे वाक्य. पण मिशी काढण्यात खमंग काय?”

“बायकूनं काडायला लावली म्हनत्यात.”

“मग खमंग आहे,” मी कबूल केलं.

असं रोज. कधी म्हणायचा, “आज ऊन खमंग पडलंया,” आणि मी म्हणायचे, “ऊन नाही हो, ऊन कडक!” आप्पा, म्हणजे माझे वडील नानासो, गल्ल्यावर बसून हे ऐकायचे आणि पेपराआड हसायचे. त्यांना मी कितीतरी दिवसांनी असं हसताना पाहत होते. संध्याकाळ झाली की मी केस नीट करायला लागले आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

कारण आमची गल्ली.

समोर साळूबाई फुलं विकायला बसायच्या. गजरा ओवता ओवता त्यांचं सगळीकडं लक्ष. एके दिवशी मी नळावर गेले तर तिथं त्यांचाच आवाज, “रोज येतोय बघा. पोरीचं आधीचं एक मोडल्यालं हाय, तरी…” मला पाहून सगळ्या गप्प झाल्या. ती शांतता मला पाठ होती.

त्या संध्याकाळी ऋषिराज हसत आला, “आज तर एक नंबर खमंग—”

“उद्यापासून येऊ नका,” मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. “माजं काय चुकलं का?”

“तुमचं नाही. माझं लग्न ठरलं होतं. साताऱ्याकडचं, खंडाळ्याजवळचं घर. पत्रिका वाटून झाल्यावर त्या मुलानं नाही म्हणून कळवलं. त्याचं दुसऱ्या कुणाशी होतं. पण इथं बातमी काय झाली, माहीत आहे? मुलीचंच, या शिवांजलीचंच, काहीतरी असणार. महिनोन् महिने चवीनं खाल्ली लोकांनी. तुम्हाला हा शब्द मजेचा वाटतो… मला तो सोसत नाही.”

मला वाटलं, आता हा विचारेल खरं काय होतं. किंवा म्हणेल, लोकांचं काय मनावर घेता. सगळे हेच म्हणाले होते.

 तो हळू म्हणाला, “तवा तुमास्नी कुनी इचारलं का… तुमी कशा हाय म्हनून?”

कुणीच विचारलं नव्हतं. आप्पांना धीर होत नव्हता आणि बाकीच्यांना गरज नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि मी लसूण सोलायला घेतला, कारण दुसरं काही सुचेना.

“न्हाई येत,” तो म्हणाला. “तुमी म्हनला म्हनून.” आणि गेला. खरंच आला नाही.

श्रावणात कृष्णा फुगली. आयर्विन पुलाशी जाऊन आलेला प्रत्येक जण पाणी अजून चढतंय म्हणत होता. आप्पांचा गुडघा दुखरा, तरी ते हटून बसले, “दुकान सोडून मी जात न्हाई.” गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं. मी एकटी चुरमुऱ्यांची पोती माळ्यावर चढवू पाहत होते, तेवढ्यात पाण्यातून हॉर्न ऐकू आला.

कोल्ड स्टोरेजची पिकअप. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ऋषिराज उतरला आणि हात जोडून आप्पांसमोर उभा राहिला. “आप्पा, कडई घिऊ, काटा घिऊ, मसाला घिऊ. दुकान तुमी जातासा तिथं मांडूया. पर आता उटा.”

आप्पा उठले! त्यानं सामान चढवलं, आणि समोरच्या ओट्यावर टोपली उराशी धरून बसलेल्या साळूबाईंनाही हात देऊन आणलं. त्यांची लेक कराडात होती, आमची आत्या साताऱ्यात. केबिनमध्ये चौघं कशीबशी मावलो. मी त्याच्या शेजारी. गिअर टाकताना मला धक्का लागू नये म्हणून तो कोपर अंगाशी आवळून धरत होता… साऱ्या वाटेत.

पेठनाका गेला तशी साळूबाईंच्या जिवात जीव आला, आणि जिभेतही. “काय रं पोरा, खरं सांग. तुमा दोगांचं काय हाय?”

मी डोळे मिटले. बाजूला आप्पा बसलेले!

ऋषिराज रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “माजं हाय, मावशी. त्यांचं मला म्हाईत न्हाई. इचारलं न्हाई अजून.”

 साळूबाईंनी आधी आप्पांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि टोपली मांडीवर सावरून घेतली. कराडात लेकीच्या दारात उतरताना त्यांनी टोपलीतला अबोलीचा ओला गजरा काढून माझ्या हातात ठेवला आणि आत गेल्या.

उंब्रजच्या पुढं चहाला थांबलो. आप्पा गाडीतूनच म्हणाले, “मला हितंच आनून द्या. आन पोरा… इचारायचं ते इचार की.”

टपरीच्या छपराखाली आम्ही दोघंच. तो चहाच्या ग्लासात बघत राहिला.

“आज न्हाई इचारत,” तो म्हणाला.

“का?”

“आज तुमी पान्यातनं निगालाय. उपकारापाई व्हय म्हनला, तर मला जलमभर टोचंल.”

मला त्याचा राग आला, आणि इतकी माया आली की राग कुठं गेला कळलंच नाही.

“उपकार वाटतात,” मी म्हटलं. “का वाटू नयेत? पण आजचे नाहीत. मी कशी आहे, हे तुम्ही मला विचारलंत. माझ्या मनाचं तेव्हाच ठरलं होतं, पाणी यायच्या कितीतरी आधी. फक्त तुम्हाला ‘येऊ नका’ म्हणून बसले होते… आणि तुम्ही खरंच ऐकलंत!”

“मग काय करायला पायजे हुतं?”

“एखाद्या दिवशी चुकून यायचं!”

तो हसला. मग एकदम गंभीर झाला, ग्लास बाकावर ठेवला. “आता कशा हाय तुमी?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “लय बरी आहे.”

साताऱ्यात पोचेतो दिवेलागण झाली होती. आत्या दारातच उभी. तिनं आप्पांना धरून पायरी चढवली, मला जवळ घेतलं, आणि मग मसाल्याचा डबा खांद्यावर घेऊन मागं थांबलेल्या त्या चिखलानं माखलेल्या मुलाकडं बघून विचारलं, “नाना, ह्यो कोन रं? डायवर का?”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

“आत्या,” मी म्हटलं, आणि माझा आवाज जराही अडखळला नाही, “हे ऋषिराज. उद्यापासून ताटं पाच मांड. हे आपल्यातलेच आहेत.”

“आगं, चौघंच तर हाय आपण!”

“यांची आजी विट्याला एकटीच आहे,” मी म्हटलं. “सकाळी तिलाही आणायला जायचंय.”