भोपळ्याची नऊ पावलं

"आजी, बागेतल्या एकाच झाडाला कीड लागली, तर फवारा सगळ्या बागेवर का मारायचा?"

हे कोडं मला केतकीनं घातलं. माझी नात, वय वर्षं दहा. तिच्या भोपळ्या नावाच्या कुत्र्याला मज्जारज्जूत (कण्याच्या पोकळीतून जाणारी नसांची जाड दोरी) गाठ झालीय.

"पूर्वी तसंच करायचे," मी म्हटलं. "केमोथेरपी (कर्करोगाच्या पेशी मारणारं औषध) शिरेतून द्यायची. ती अंगभर फिरायची, सगळं अंग गळून जायचं. आणि मज्जारज्जूभोवती असं कडक कुंपण असतं, की आत जेमतेम थेंबभर शिरायचं."

"म्हणून भोपळ्याला पंप!"

बरोबर. कातडीखाली चिंचोक्याएवढा पंप, त्यातून केसासारखी नळी थेट गाठीपाशी. अजून चाचणीच चाललीय, सत्तावीस कुत्र्यांवर. रोज सकाळी दवाखान्याचा यंत्रमानव पडद्यावर येतो. मी त्याला टिपण्या म्हणते. भोपळ्याच्या झुबकेदार शेपटीमागे पाऊल टाकलं की फरपटलं, हे त्याच्या कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून तो विचारतो, न अडखळता किती पावलं?

सोमवारी चौदा होती. त्या दिवशी नऊ. दहाच्या खाली गेली की पंप बंद करतात.

"मी चौदाच सांगणार," केतकी म्हणाली.

"केतके, नऊ होती."

"तू नाही का सांगत, गव्यावर बसून धरण ओलांडलं म्हणून? ते चालतं होय?"

"गवा नव्हता, मगर होती," मी सवयीनं म्हणाले. पण तिला हसू आलं नाही. मलाही नाही.

मग मी तिला ती गोष्ट सांगितली. खरी आहे, म्हणून कधी कुणाला सांगितली नव्हती.

तीस वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचे. असाच पंप, निरोगी उंदरांच्या पाठीत. मज्जारज्जूला इजा न होता किती औषध सोसतं, ते बघायचं होतं. चालण्याला एकवीसपैकी गुण द्यायचे. तेराच्या खाली आला की झोपेचं इंजेक्शन, कायमचं. त्यात एक होता नवाब. दोन्ही हातांत शेंगदाणा धरून माझ्या तळव्यावर बसून खायचा. त्याला अकरा पडत होते. मी सतरा लिहिले.

"वाचला?"

"पाच दिवस. तेही पाय ओढत. त्या गटातले बाकीचे काठावर होते गं. माझ्या सतरानं पारडं फिरलं, डोस कागदावर सुरक्षित ठरला. मग तोच पुढच्या बारा उंदरांना दिला. बाराच्या बारा मागच्या पायांनी लुळे झाले. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं."

केतकी भोपळ्याच्या मागच्या पायांकडे बघू लागली.

"उंदीर बोलत नाहीत. आम्ही लिहितो तो आकडा, तेच त्यांचं बोलणं. ते मी बदललं."

पडदा उजळला. "नमस्कार. पावलं?" टिपण्यानं विचारलं.

केतकीनं भोपळ्याच्या गळ्यात हात घातला. "नऊ."

"कालच्या तपासणीत गाठ निम्मी दिसली. तरी पाय घसरतायत, म्हणजे औषध जास्त होतंय. पंप बंद करतो. बाकीच्या सव्वीस जणांचा डोस आजच कमी करायला डॉक्टरांना कळवतो."

"आणि भोपळ्याचे पाय?"

"माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही."

केतकी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी येऊन तिनं विचारलं, "त्या बारा जणांची नावं काय होती?"

"नावं नव्हती. नंबर होते. एकतीस ते बेचाळीस."

"पाठ आहेत तुला?"

"हो."

रात्री जेवताना ती माझ्या शेजारी बसली.

पंप बंद झाला, तरी पावलं रोज मोजून टिपण्याला सांगायचीच होती. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी आठ. मग परत नऊ. कधीतरी असा पंप एखाद्या माणसाच्या पाठीत बसेल आणि किती थेंब सोडायचे ते डॉक्टरांना आधीच ठाऊक असेल. त्या हिशेबात भोपळ्याचे हे आठही असतील.

आज सकाळी मी चहा गाळत होते. हॉलमधून केतकी ओरडली, "आजी, दहा!"

मी काही पुन्हा मोजायला गेले नाही.