मोलकरणीच्या हातातली बाटली

नावेद, तो मोबाईल खाली ठेव, मग सांगतो. ऐकीव नाही हे. परीक्षित माझ्याच खोलीत राहायचा, इथंच बहरीनमध्ये, हिद्दला. नईम भागातल्या एका छापखान्यात चित्रं काढायचा. मूळचा पेणचा, गणपतीच्या कारखान्यातला. म्हाताऱ्या बापाचा हात थरथरायला लागला होता, त्यामुळे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला यालाच जायचं होतं. रजा मिळणार होती, पण हातातलं पुस्तक संपवल्यावर.

पुस्तक राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या खऱ्या खुनांचं, चित्रांसकट. शेवटची हकिकत एका मोलकरणीची. मालकिणीला विष घातलं म्हणून तिला फाशी झालेली. चित्रात तिच्या हातात निळी बाटली, मागे दारात घरमालक, मालकिणीचा नवरा. परीक्षितनं घाईत आधी तिचे डोळेच काढले. पेणचा माणूस असं करत नाही रे. डोळे सगळ्यात शेवटी. डोळे उघडले की मूर्ती बघायला लागते.

सकाळी चित्रात तिच्या हातात बाटली नाही. विसरलो असेन म्हणून त्यानं पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. मॅनेजरनं त्याला कामचुकार ठरवलं, रजेचं नाव काढू नकोस म्हणाला. आता माणसानं वैतागायचं नाही तर काय करायचं?

मागच्या मोहरमातली, आशुराची आदली रात्र. मिरवणुकीमुळे नईमचे रस्ते बंद, म्हणून हा छापखान्यातच थांबला. तिसऱ्यांदा बाटली काढली आणि समोर बसून राहिला. बाहेरचा आवाज दूर गेला... मग थांबला. एसीही बंद पडला.

बाटली पुसट झाली. आणखी पुसट... गेली.

घाबरण्याआधी तो चिडला.

"बाई, मला घरी जायचंय. तुझ्या नाही तर कुणाच्या हातात देऊ?"

तिचे डोळे फिरले. दाराकडे.

त्यानं बाटली घरमालकाच्या हातात काढली. ती राहिली.

सकाळी बाटली भलत्याच्या हातात बघून मॅनेजरनं ते पान फाडलं. "अब छुट्टी खलास," म्हणाला. मला अजून राग येतो त्या माणसाचा.

त्या रात्री बापाचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी शेजारीच बसलेलो. येत नाही हे परीक्षित सांगणार, तोवर म्हाताराच बोलला.

"न भेटता परत गेलास होय रे? कारखान्याला कुलूप लावून झोपलो होतो, सकाळी बघतो तर सगळ्या मूर्तींचे डोळे आखलेले. बरं केलंस. पण फडताळावर ही निळी बाटली कसली ठेवलीस? रिकामी आहे."