निळा मासा उतरेना

दार लोटून घ्या आणि चहा ओतून घ्या. दुपारी तुम्ही पोरांनी विचारलंत, मुलांचा सण उद्यावर आला, सगळीकडे मुलगा असलेल्या घरावर कापडी मासे फडकतायत, मग तुमच्याच गावात एकही का नाही? तेव्हा मी तोंड फिरवलं. असल्या गोष्टी उजेडात सांगितल्या की लोक हसतात.

हे घडलं मासानोकाकूच्या घरात. माझ्या दुकानापासून चौथं घर. बाई फटकळ आहे, पण तिला खोटं बोलायला जमत नाही.

आमचं गाव हरलेल्या सामुराईंचं. आठशे वर्षांपूर्वी लढाई हरून, बायकापोरं घेऊन ते या दरीत लपले. मग कुणाला तरी मुलगा झाला. आनंदाच्या भरात बापानं निशाण उभारलं, आणि ते मागावर असलेल्यांना पलीकडच्या डोंगरावरून दिसलं. त्या रात्री गावातला एकेक मुलगा मारला. तान्हासुद्धा. मुलींना हात लावला नाही. तेव्हापासून इथे कोंबडा पाळत नाहीत, आरवला की गाव कळतं म्हणून, आणि मासे उभारत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी, चार मेला, सणाच्या आदल्या दिवशी, काकू सकाळी सोया सॉस घ्यायला आली. टपाल माझ्याच दुकानात उतरतं. तिच्या सुनेच्या माहेराहून, ओसाकाहून, एक लांबट खोकं आलं होतं. ते मी तिच्या हातात ठेवलं. माझ्याच हातून गेलं ते, आधीच सांगून टाकते.

सुनेनं, चिनात्सुनं, खोकं फोडलं. तिचा नवरा रियोहेइ ट्रक घेऊन बाहेरगावी गेला होता. बापाचा काळा मासा, आईचा लाल, आणि चार महिन्यांच्या इबुकीचा छोटा निळा.

काकू म्हणाली, "बांध परत. आपल्यात चालत नाही."

"आई, आठशे वर्षं झाली. आता तर गाव मोबाईलवरसुद्धा सापडतं."

"मोबाईलला पोरांची मुंडकी नको असतात."

"माझ्या बाबांनी हौसेनं पाठवलंय. एक दिवस, आई."

गावात एकोणीस वर्षांनी पोर जन्मलं होतं. काकूही आजीच की, दगड नव्हे. शेवटी म्हणाली, "अंधार पडायच्या आत उतरव."

अंगणात उंच बांबू रोवला, मासे फडकले. काकू कामं टाकून बघत बसली. स्वतः मला म्हणाली, "फुमिए, जन्मात पहिल्यांदा बघितले गं आमच्या दारात."

संध्याकाळी दोरी ओढली. काळा उतरला, लाल उतरला. निळा उतरेना. दोरी वर कुठेतरी अडकली होती. काकूनं कोयता आणला.

"बांबूच तोडते."

"तो शेजारच्यांच्या छपरावर पडेल, आई. रियोहेइ सकाळी ट्रक घेऊन येतोय, तो चढून काढेल. एका रात्रीनं काय होतंय?"

काकू गप्प बसली. आयुष्यात एकदाच गप्प बसली, तीच वेळ चुकीची.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिला जाग आली. वर मासा फडफडत होता. झाडाचं पान हलत नव्हतं, आणि मासा फडफडत होता.

मग पुलावरच्या फळ्या वाजल्या.

गावात घोडा नाही. पन्नास वर्षांत नाही. पण टापा कुणालाही कळतात. काकूनं सुनेला हलवलं. तिलाही ऐकू आल्या. एक नाही, बरेच होते. दारोदार थांबत येत होते.

काकूनं पेटी उघडली. तिची मुलगी हारू अकरा महिन्यांची असताना वारली होती, तिचा लाल किमोनो तळाशी जपलेला होता. तो पोराला चढवला. डावा पदर उजव्याच्या वर घेतला. यात आमच्या बायकांची चूक होत नाही. उजवा पदर वर फक्त मेलेल्याचा असतो. पट्ट्याची गाठ मारली, पोर मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं.

टापा अंगणात थांबल्या.

दाराबाहेरून आवाज आला. अगदी अदबीचा. जुन्या वळणाचा.

"या घरात मुलगा आहे का?"

सून दाराकडे बघत होती. तिला आवाज ऐकू आला नाही. काकूला आला.

"नाही," काकू म्हणाली. "मुलगी आहे."

"नाव?"

"...हारू."



कडी आतून लावलेली होती. ती हलली नाही. दार उघडलं नाही. तरी ओल्या चामड्याचा वास आत आला. समोर येऊन थांबला.

काकूनं डोळे मिटले.

मांडीवरचं ओझं हलकं झालं.

एक श्वास...

दोन...

मग परत आलं.

टापा पुलाकडे गेल्या. फळ्या वाजल्या. मासा फडफडायचा थांबला.

त्या दोघी उजाडेपर्यंत हलल्या नाहीत, दिवासुद्धा लावला नाही. सकाळी सहाला रियोहेइची हाक आली तेव्हा सुनेनं कडी काढली. मी दूध द्यायला त्याच्या मागोमाग आले होते. काकू भिंतीला टेकलेली, हात तसेच घट्ट. पोर झोपलेलं, गाल गरम, श्वास छान चाललेला. मीच सुनेला म्हटलं, "बघ, काही झालं नाही."

काकू पोराकडे बघत होती. म्हणून मीही नीट बघितलं.

पट्टा बांधलेला होता. पण गाठ काकूची नव्हती. शिरस्त्राणाची दोरी हनुवटीखाली आवळतात तसली होती. आमच्यापैकी कुणालाच ती सुटेना, शेवटी कात्रीनं कापली.

म्हणजे पट्टा कुणीतरी सोडला होता. किमोनो उघडला होता. मुलगा की मुलगी, ते उघडल्यावर दिसतंच.

आणि पुन्हा नीट बांधून ठेवलं होतं. सुरकुती नाही. उजवा पदर वर.