तिघांच्या अधिकारातली खिचडी

त्या खिचडीचा एक घास खाऊन कावळा जो उडाला, तो थेट गंगापूर धरणावरच पाणी प्यायला उतरला. भिकन हे शपथेवर सांगतो. त्याने स्वतःही एक घास खाल्ला होता आणि तो कावळ्यामागे निघालाच होता.

भिकन रिक्षावाला. नाशिकच्या गुप्तहेर छायाताई साळवेंना तपासाला फिरवायचा. आज त्यांना पेठकडच्या या शाळेत बोलावलं होतं स्वयंपाकीण सावित्रीबाईने.

"ताई, आज सकाळच्या खारट खिचडीपायी मला कामावरून काढतेत! पाण्याला गेले तवा चूल सोडली, तेवढंच. मिठाला हात नाय लावला."

"मग काय खिचडी रडली?" भिकन म्हणाला.

गावची शाळा यंदा नाशिकच्या एका बड्या शिक्षण संस्थेत सामील झालेली. गावची समिती राहिली, वर संस्थेचे अधिकारीही आले. सावित्रीबाईचा फैसला आज दुपारच्या बैठकीत.

छायाताई स्वयंपाकघरात शिरल्या. खड्या मिठाची बरणी काठोकाठ. "कालच भरली," सावित्रीबाई म्हणाली. कचऱ्यात मात्र बारीक मिठाच्या तीन रिकाम्या पिशव्या.

मुख्याध्यापक गावित सर म्हणाले, "शाळेत अंतिम शब्द माझा. बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय मीठ नाही."

"चव घेतलीत?"

"ते माझं काम नव्हे."

समितीच्या अध्यक्ष पुतळाबाईंनी पदर खोचला. "सर आज हायेत, उद्या बदलीवर. गाव आमचं, शब्द आमचा! म्या पन तिला तेच बजावलं. चव मास्तरानं घ्यावी."

संस्थेच्या सरिता मॅडम गोड हसल्या. "आता सगळं मुख्य कार्यालयाकडे. मिठासकट. बाईंना तशी ताकीद होती. चव मात्र स्थानिक पातळीवर."

"ताई, बाईच गुन्हेगार," भिकन कुजबुजला. "या तिघांना चूल तरी पेटवता येईल का?"

बैठक भरली. छायाताई उठल्या.

"बरणी भरलेली, म्हणजे बाईंनी मीठ घातलंच नाही. तिघांनी रोखलं होतं ना! पण ज्याने रोखलं, त्यालाच घालणं भाग. बाई पाण्याला गेल्या आणि तुम्ही एकेकटे, दुसऱ्यांची नजर चुकवून, आपापली पिशवी घेऊन चुलीशी. शब्द तिघांचा, म्हणून मीठ तिघांचं. चव कुणाचीच नाही, म्हणून कळलं कुणालाच नाही."



"पण माझं प्रमाण बरोबर होतं!" सरिता मॅडम उसळल्या.

"माझंही!" गावित सर.

"आन माझं काय चुकलं व्हतं?" पुतळाबाई.

मग बाईला ठेवण्याचा अधिकार कुणाचा, यावर तिघांची जुंपली. तेवढ्यात सावित्रीबाईने दुसरं पातेलं चढवलं, कुणाला न विचारता बरणीत हात घातला आणि स्वतः चव घेतली.

भांडण थांबलं तेव्हा पोरं ताटं चाटून पुन्हा रांगेत उभी होती.

"बाईंना ठेवायचं ठरवलं कुणी?" मॅडमनी विचारलं.

छायाताईंनी रांगेकडे बोट दाखवलं. रांगेत सर्वांत पुढे, ताट धरून, भिकन उभा होता.