डबा गप्प झाला

"पुसायचं नाही म्हटलं ना!" मी ओरडले. "लक्ष्मीची पावलं कुणी ओल्या फडक्यानं पुसतं का, कार्टे? आलेली माघारी जाईल."

"मग राहू दे," तेजल म्हणाली. फडकं तिच्या हातात तसंच. "आजी, तूच म्हणतेस पावलं चुकली, तूच म्हणतेस पुसू नको. मी करू तरी काय?"

"डबा उचल."

"डबा नाही उचलणार. तो उबेला ठेवलाय."

"सणाच्या दिवशी लक्ष्मी झुरळांच्या दारात नेऊन उभी केलीस, आणि वर उबेचं सांगतेस?"

तेजल माझी नात. वीस वर्षांची, कॉलेजात शिकते, आणि हट्ट माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे आमचं भांडण लागलं की घरातली बाकीची माणसं जागा सोडतात. तसा शेखर, माझा मुलगा, पहाटेच ओझरला ड्यूटीवर गेला होता. सून उज्वला ओट्यापाशी उभी राहून भाजी चिरायचं नाटक करत होती.

झालं असं होतं. त्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या, संध्याकाळी. मी सकाळीच तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून उंबऱ्यापासून मखरापर्यंत पावलं उमटवली. मूठ टेकवायची, वर बोटानं पाच ठिपके, झालं पाऊल. उरलेलं पाणी वाटीत होतं. माझी पाठ वळली तशी या पोरीनं तीच वाटी घेतली आणि मखरापाशी थांबलेली पावलं पुढं नेली. हॉलमधून बोळात, आणि बोळाच्या टोकाला न्हाणीघराच्या दारापाशी जो तिचा डबा असतो, थेट तिथवर. का, तर म्हणे माझ्या लक्ष्म्या पण घरातल्याच आहेत.

त्या डब्यात सहाशे झुरळं होती.

खोटं नाही सांगत. तेजलकडे दोन बेडूक आहेत. तिची मैत्रीण परदेशी शिकायला गेली आणि हे गळ्यात मारून गेली. हिरवेगार, भाकरीएवढे, तोंड अंगापेक्षा मोठं. एकाचं नाव ढब्बू, दुसऱ्याचं गणप्या. त्यांना भात चालत नाही, पोळी चालत नाही, जिवंत झुरळं लागतात. म्हणून ही झुरळं पाळते. मोठा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, तळाला कोंडा, वर गाजराचे तुकडे. गाजर सोलून! मला कुणी आयुष्यात गाजर सोलून दिलं नाही.

मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं मी चपलेनं झुरळं मारली. शाळा पाहिली नाही. मालडब्यांवर खडूनं लिहिलेलं वाचत वाचत अक्षर शिकले, पुढं पेपर, पुढं पोथ्या, आणि नंतर लिहायलाही लागले. कुणाच्या बापाला घाबरले नाही. त्या माझ्या घरात नात झुरळांचं बाळंतपण करते.

"आजी, ही घरातल्या झुरळांसारखी नाहीत," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "उडत नाहीत. गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही त्यांना."

"मग काय ओव्या म्हणतात?"

म्हणत होती, एका अर्थी. त्या डब्यातून सारखा आवाज यायचा. कोंड्यात कुणी हलक्या बोटांनी काहीतरी शोधावं तसा. कुर् कुर् कुर्, दिवसभर. मात्र बोळात पाय टाकला की आवाज बंद. पुतळ्यासारखी थिजायची सगळी. तुम्ही थांबलात, पाय हलवला नाहीत, की थोड्या वेळानं पुन्हा कुर् कुर्. तेजलनं सांगितलं, "चालल्यावर जमीन थरथरते ना, ते त्यांना पायांतून कळतं. लांबचं नाही कळत, जवळ कुणी चाललं की कळतं."

मला मनातून ते आवडायचं, लिहिते आता. मी उगीच बोळातून जायचे. एक पाऊल, डबा गप्प. सुनेवर वचक राहिला नाही, नातीवर कधी नव्हताच. त्या डब्यावर होता.

तर त्या दिवशी भांडण टोकाला गेलं. मी म्हटलं, उद्या इगतपुरीहून वत्सलाबाई येणार जेवायला. वत्सलाबाई माझी नणंद. ती हे पाहील आणि घोटीपासून कसाऱ्यापर्यंत सगळ्या गावांना सांगेल.

"बरं!" तेजलनं फडकं बादलीत आपटलं. "न्हाऊन येते आणि डबा कॉलेजातल्या वैष्णवीकडे नेऊन ठेवते. मग बस तू तुझ्या पावलांची राखण करत."

न्हाणीघराचं दार धाडकन लागलं. आत गिझर भप्पकन पेटला. गॅसचा गिझर आहे आमच्याकडे. उज्वला फुलं आणायला कोपऱ्यावर गेली, जाताना दाराचं लॅच ओढून घेतलं. मी बोळाच्या तोंडाशी पाटावर बसले आणि आघाडा निवडायला घेतला.

आभाळ भरलेलं होतं. भर दुपारी बोळात तिन्हीसांजेसारखा उजेड. दिवा लावायला मी उठले नाही, रागात होते. फरशीवर ती पांढरी पावलं अर्धवट वाळलेली. कोंड्याचा, गाजराचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास. आत पाणी पडत होतं. डबा कुरकुरत होता.

आणि डबा गप्प झाला.

मी मान वर केली. वाटलं उज्वला आली. दार बंद. मी हललेच नव्हते, माझे पाय पाटाखाली मुडपलेले. म्हटलं, खाली कुणी ठोकत असेल.

कुर् कुर् पुन्हा सुरू झालं.

पुन्हा गप्प.

आघाड्याची काडी माझ्या हातात तशीच राहिली. तुम्ही कधी झोपलेल्या मुलाच्या खोलीत गेला असाल तर कळेल, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, कानोसा घ्यायचा, मग दुसरं. तसं चाललं होतं. डबा बोलायचा, थांबायचा. बोलायचा... थांबायचा. मधली कुरकुर सारख्याच वेळाची. आणि दर खेपेला गप्प राहायचा तो थोडा जास्त वेळ.

बोळात कुणी नव्हतं. पावलं होती फक्त, पिठाची, माझ्यापासून दाराकडे गेलेली. महालक्ष्म्यांचे मुखवटे तर अजून माळ्यावरच्या ट्रंकेत, फडक्यात बांधलेले. त्यांना आणलंच नव्हतं कुणी...

"कोण गं?" मी म्हटलं.

'गं' का म्हटलं, मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी डबा गप्प झाला आणि या वेळी पुन्हा बोललाच नाही. सहाशे जीव श्वास धरून बसले होते. मी, जी रात्रीच्या मालगाड्यांखालून वाकून पलीकडं जायची, ती भिंतीला टेकून बसले. जे काही होतं ते न्हाणीघराच्या दारापाशी येऊन थांबलं होतं. तिथून ते हलत नव्हतं.

त्या शांततेत मला पाणी ऐकू आलं.

पाणी पडत होतं. पण तांब्या वाजत नव्हता. बादली भरून सांडत होती आणि कुणी त्यातलं पाणी घेत नव्हतं. पाण्याचा आवाज होता, आंघोळीचा नव्हता.

"तेजल?"

...

"तेजले! ओ दे!"

मग भीती कुठं गेली कोण जाणे. त्या बोळात जे कुणी उभं होतं त्याच्या अंगातून मी गेले असेन तर गेले असेन. दारावर मुठी आपटल्या. आतून कडी. स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि हाणला. प्लॅस्टिकचं दार, तिसऱ्या घावाला कडीजवळ फुटलं. हात घातला, कडी काढली. धग अंगावर आली. तेजल भिंतीला टेकून खाली बसलेली, केसांना शिकेकाई तशीच, मान छातीवर.

एकाहत्तर वर्षांची बाई काय ओढणार? ओढली. काखेत हात घालून, त्या पावलांवरूनच फरफटत हॉलमध्ये आणली. गिझर बंद केला, खिडक्या उघडल्या, दार उघडलं, अंगावर माझं लुगडं टाकलं आणि जिन्यात जाऊन असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचा झुंबर रिक्षावाला जेवता हात तसाच घेऊन वर आला.

"काय झालं चतुराबाई?"

"रिक्षा काढ. बोलू नको."

तेवढ्यात तेजलनं हवा ओढली. बुडालेलं माणूस वर आल्यावर ओढतं तशी. मग खोकली, ओकली, आणि डोळे न उघडता म्हणाली, "आजी, ओरडू नको ना... डोकं दुखतंय."

माझ्या आयुष्यात इतकं गोड कुणी बोललेलं नाही.

दवाखान्यात नळी लावली. गिझरचा धूर कोंडला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वास येत नाही, कळत नाही, माणूस झोपल्यासारखं जातं. वेळेत काढलंत. मग त्यांनी विचारलं, न्हाणीघराला खिडकी नाही का?

खिडकी होती. सकाळी उज्वलाची आंघोळ झाल्यावर मीच ती जुन्या चादरीनं गच्च बुजवली होती. बाहेरच्या डक्टमधून खरी झुरळं येतात. वत्सलाबाईंच्या पायाशी एखादं निघालं असतं तर ती म्हणाली असती, ही यांचीच पाळलेली. माझं नाक वर राहावं म्हणून बुजवली मी ती खिडकी. डॉक्टरीणबाईंना मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. उज्वला माझ्याकडे बघत राहिली. शेखर तोवर ओझरहून धावत आला होता, तो भिंतीकडे बघत राहिला. मी बोल ऐकायला तयार होते, पण उज्वलानं फक्त माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

संध्याकाळी सातच्या सुमारास डॉक्टरांनी घरी सोडलं. उशीर झाला होता, तरी मुखवटे काढले, साड्या नेसवल्या, महालक्ष्म्या बसल्या. आरती केली. पोर समोर सोफ्यावर उशीला टेकून टाळ्या वाजवत होती, हळूहळू. दोन्ही बेडकांना तिनं हाकही मारली. असं हलकं मला वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. उज्वला आणि मी दोघी एकदम हसायला लागलो, कशाला ते कळलं नाही, आणि थांबेचना.

मग ताटं घेतली. चौघं हॉलमध्येच बसलो, तेजलला उठवत नव्हतो. मी त्यांना डब्याचं सगळं सांगितलं. शेखर म्हणाला, "अगं आई, गॅसनं झुरळंही गुंगली असतील."

"गुंगलेला माणूस मधे मधे उठून बोलतो का रे? इतक्या वेळा?"

"मग खालून कुणी जिना चढलं असेल."

"जिना कुठं, बोळ कुठं!"

"बरं बाई, तुझं खरं." तो दमला होता. "काय असेल ते असो. तो डबा मला आता घरात नको. सकाळी देऊन टाकू. आणि उज्वला, ती बोळातली उरलीसुरली पावलं धुऊन काढ. डोक्याला ताप नको."

"तुमच्या आईच म्हणतात पुसू नये," उज्वला म्हणाली.

"अगं, पिठाचे ठिपके आहेत ते!"

"ने पप्पा," तेजल बारीक आवाजात म्हणाली. "वैष्णवी ठेवून घेईल. आजीला सकाळपासून तेच हवंय. मला नाही भांडायचं आता."

"तू गप्प राहा," मी म्हटलं. "शेखर, डब्याला हात लावायचा नाही."

"सकाळी तूच म्हणालीस म्हणे..."

"सकाळचं सकाळी."

"आई, पोरगी मरता मरता वाचली आणि तुला झुरळांची पडलीय? काय चाललंय काय तुझं? उद्या वत्सलाआत्या येणार, तिला काय सांगणार आहेस?" त्याचा आवाज चढला. उज्वला म्हणाली हळू बोला. तो म्हणाला हळू का बोलू. मी म्हटलं, माझ्या घरात माझ्यावर आवाज चढवायचा नाही.

असे तिघंही एकदम बोलत होतो, म्हणून आधी तेजलच्याच लक्षात आलं. तिनं हात वर केला. आम्ही थांबलो.

बोळातून येणारी कुर् कुर् थांबली होती.

चौघंही बसलेलो. ताटं मांडीवर. शेखरनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग आमच्या. कुणाचाच पाय हलला नव्हता. थोड्या वेळानं कुर् कुर् सुरू झाली. आणि पुन्हा थांबली.

मला या वेळी भीती वाटली नाही, म्हणजे तेवढी नाही. मी ताट खाली ठेवलं आणि लेकाला म्हटलं, "डबा जागचा हलणार नाही, पावलंही पुसली जाणार नाहीत, कारण आपण चौघं सोडून या घरात आणखी कोण चालतं, ते मला सांगणारं या डब्याशिवाय दुसरं कुणी नाही."